खांब उभे आहेत, संघ कुठे आहे?

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या महाविद्यालयाच्या मागच्या बाजूला बास्केटबॉलचे मैदान आहे, असे मी म्हटले तर पुष्कळांना ते खरे वाटणार नाही. वास्तविक त्या मैदानावर आपण सारेच रोज जातो. स्कूटर लावायला जातो. दोन्ही टोकांना जे दोन लोखंडी खांब उभे आहेत, ते दिव्यांचे असावेत आणि दिवे कुणीतरी काढून नेले असावेत, अशी पहिल्या वर्षी माझी प्रामाणिक समजूत होती. वर पाहिले तर लाकडी बोर्डाची कड आणि गंजलेली रिंग दिसते. परंतु गाडी लावताना वर कोण पाहतो? एका रिंगेखाली विद्यार्थ्यांच्या दुचाकी असतात, दुसरीखाली प्राध्यापकांच्या मोटारी. आदरणीय प्राध्यापकवर्गाने राग मानू नये. उलट सावलीची बाजू त्यांनी आम्हालाच दिली आहे, हे मी कृतज्ञतेने नमूद करते.

हा लेख त्या मैदानाविषयी आहे. मी काही नामांकित खेळाडू नाही. गेल्या वर्षीपर्यंत मी बास्केटबॉल हातातही धरला नव्हता. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील तुर्भ्याच्या बाजार समितीच्या आवारात माथाडी कामगार आहेत. राहायला आम्ही कोपरखैरण्याला. पहिले संपूर्ण वर्ष मी वर्गात मागच्या बाकावर बसले आणि हजेरीचे ‘यस सर’ सोडले तर एक शब्द बोलले नाही. उत्तर येत नव्हते म्हणून नव्हे. आपला उच्चार ऐकून कुणी हसेल, ही धास्ती. असे पुष्कळ जण आपल्यात आहेत. ते हे वाचून मान खाली घालतील, पण त्यांना माझे म्हणणे कळेल.

बास्केटबॉलची आणि माझी गाठ पडली ती ग्रंथालयात. निबंधस्पर्धेसाठी जुने वार्षिक अंक चाळत होते. एका अंकात कृष्णधवल छायाचित्र निघाले. आखूड बाह्यांचे शर्ट घातलेल्या दहा मुली, मध्ये प्राचार्य, पुढे जमिनीवर ठेवलेला चेंडू. खाली नेहमीप्रमाणे ‘बसलेले, डावीकडून’ आणि ‘उभे, डावीकडून’ अशी नावे. मागे तेच दोन खांब! शेजारच्या पानावर जिमखान्याचा अहवाल होता. मुलींच्या संघाने विभागीय स्पर्धेत उपांत्य फेरी गाठल्याची हकीगत चांगली अर्धे पान भरून दिली होती. कोणत्या सामन्यात कुणाच्या पायाला मार बसला, अखेरच्या मिनिटाला कुणी दोन गुण मिळवले, सारे त्यात होते.

मग मी निबंध बाजूला ठेवला आणि एकामागून एक अंक काढत गेले. तो प्रवास मजेशीर नव्हता. पुढच्या काही अंकांत अर्ध्या पानाच्या आठ ओळी झाल्या. आठाच्या चार झाल्या. नंतर ‘बास्केटबॉल संघानेही स्पर्धेत भाग घेतला’ एवढे एक वाक्य कित्येक वर्षे जसेच्या तसे छापलेले दिसते. आणि मग तेही नाही. संघ विसर्जित झाल्याची बातमी कुठल्याच अंकात नाही, कारण तो कुणी विसर्जित केलाच नव्हता. घरातला एखादा म्हातारा माणूस हळूहळू कमी बोलू लागतो आणि एक दिवस तो बोलतच नाही हे आपल्या उशिरा ध्यानात येते, तसे काहीसे झाले.

हे इतर कुठल्या खेळाच्या बाबतीत झाले असते तर मला एवढे वाईट वाटले नसते. पण बास्केटबॉल हा जन्मलाच मुळी महाविद्यालयीन वर्गात. सन १८९१ चा डिसेंबर महिना. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड या गावी वायएमसीएची शिक्षक तयार करणारी शाळा होती. बाहेर कडाक्याची थंडी, मैदानी खेळ बंद आणि वर्गातले अठरा तरुण कवायतीला विटलेले. जेम्स नेस्मिथ या तीस वर्षांच्या शिक्षकाला वरिष्ठांनी चौदा दिवसांची मुदत दिली : या मुलांना घरात खेळता येईल असा काही खेळ शोधून काढा. नेस्मिथने व्यायामशाळेच्या सज्जाला, जमिनीपासून दहा फुटांवर, पीचच्या फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. टोपल्यांना बूड होते. चेंडू आत पडला की वर चढून तो काढावा लागे. पुढे टोपलीची कडी झाली, कडीला जाळी आली, नवाचे पाच खेळाडू झाले. दहा फूट मात्र आजही दहाच आहेत. आपल्या गंजलेल्या रिंगाही तेवढ्याच उंचीवर आहेत.

या हकिगतीतला मला सर्वांत आवडलेला भाग पुढेच आहे. ते तेरा नियम १५ जानेवारी १८९२ रोजी प्रथम छापले गेले ते ‘ट्रँगल’ नावाच्या त्या शाळेच्याच पत्रात. म्हणजे आपल्या या वार्षिकासारख्याच कुठल्यातरी पानांत! अवघ्या सव्वा वर्षात, मार्च १८९३ मध्ये, स्मिथ कॉलेज या मुलींच्या महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने प्रथम वर्ष विरुद्ध द्वितीय वर्ष असा सामना लावला. पुरुष प्रेक्षकांना आत प्रवेश नव्हता. त्या मुलींच्या घरून किती विरोध झाला असेल याची आपण कल्पना करू शकतो. आमच्या घरून आज होतो, मग तेव्हा काय विचारावे!

हिंदुस्थानातही हा खेळ वायएमसीएच्या वाटेनेच आला. मद्रासला एच. सी. बक यांनी १९२० साली शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ साली दिल्लीला झाली आणि १९५० साली भारतीय महासंघ स्थापन झाला. पुढची कहाणी काही विजयांची नाही. ऑलिंपिकमध्ये आपला संघ एकदाच, १९८० साली मॉस्कोला, खेळला आणि बारा संघांत बारावा आला. मुलींनी अलीकडे बरी कामगिरी केली. २०१७ साली बंगळुरूला आशिया चषकाच्या ‘ब’ गटाच्या अंतिम सामन्यात त्यांनी कझाकस्तानला अवघ्या दोन गुणांनी हरवून वरच्या गटात जागा मिळवली. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. मोठ्या यशाची परंपरा नसताना हा खेळ टिकला कसा, हा प्रश्न मला पडला. आणि त्याचे उत्तर आमच्या घरीच मिळाले.

माझे आजोबा जावळी तालुक्यातून मुंबईस आले ते मशीद बंदरच्या बाजारात गोणी उचलण्यासाठी. तेव्हा बाजार तुर्भ्याला आले नव्हते. भायखळ्याजवळ एका गाळ्यात गावच्या वीस-पंचवीस माणसांबरोबर ते राहत. मी चेंडू घेऊन घरी आले तेव्हा आईने कपाळाला हात लावला, आजोबा मात्र म्हणाले, “ह्यो तर नागपाड्याचा खेळ!” संध्याकाळी काम सुटल्यावर ते आणि त्यांचे सोबती नागपाड्याच्या मैदानाच्या कडेला बसून पोरांचा खेळ पाहत असत. नियम त्यांना कधी कळले नाहीत. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात राहिली होती. “बारकी पोरं मोठ्यांच्या पायांत घुटमळायची. मोठी त्यांना हाकलत नव्हती, हाताला धरून उभं करायची.”

नागपाडा हे नाव भारतीय बास्केटबॉलमध्ये मानाने घेतले जाते. दाटीची, कष्टकऱ्यांची वस्ती. वायएमसीएचे एक मैदान आणि महापालिकेचे बच्चू खान मैदान. एवढ्या भांडवलावर तिथल्या गल्ल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू दिले. गुलाम अब्बास मुंतसिर तिथलेच. ते भारताचे कर्णधार झाले आणि १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. तिथे काय होते जे आपल्याकडे नाही? जागा आपल्याकडेही आहे. गरिबी म्हणाल तर तीही पुष्कळांकडे आहे. तिथे होता तो शेजार : जुना खेळाडू आणि नवा पोरगा एकाच मैदानावर, एकाच वेळी.

हेच वडिलांनी मला दुसऱ्या शब्दांत सांगितले. माथाडी कामगार टोळीने काम करतात. मी त्यांना विचारले, टोळीत नवा माणूस आला की त्याला कोण शिकवते? ते म्हणाले, “शिकवतंय कोण? जुन्याच्या शेजारी उभा करायचा. गोणीला हात कुठं घालायचा, पाठ कशी द्यायची, महिनाभरात आपोआप येतंय. सगळीच नवी घातली तर एखादा कमरेतनं मोडल.”

आपल्या संघाचे नेमके हेच झाले, असे माझे मत आहे. महाविद्यालयाच्या संघाचे आयुष्य तीन वर्षांचे. तिसऱ्या वर्षाची मुलगी दुसरीला शिकवते, दुसरी पहिलीला. ही साखळी चालू आहे तोवर संघ आहे. साखळीची एक कडी तुटली की पैसा, चेंडू, गणवेष यांपैकी कशानेही ती जोडली जात नाही. आपली साखळी आधीच झिजलेली होती. क्रीडाशिक्षकांची जागा रिकामी राहिली. तासांचे वेळापत्रक दोन पाळ्यांत गेले, त्यामुळे सर्वांना मोकळी अशी वेळच उरली नाही. गाड्या वाढल्या आणि जागा अपुरी पडली. शेवटचा घाव करोनाचा. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडली. त्या दीड वर्षात ज्यांना थोडेफार येत होते त्यांतल्या बहुतेक जणी पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि ज्या नव्या आल्या त्यांनी मैदान पाहिले तेव्हा तिथे गाड्या होत्या. जुन्याच्या शेजारी उभे राहायला जुना कुणी उरलाच नव्हता. याचा दोष मी कुणा एकाच्या माथी मारणार नाही. मात्र महामारी संपून इतकी वर्षे झाल्यावरही आपण तिच्याकडेच बोट दाखवत असू, तर तो दोष आपला आहे.

येथे कुणी म्हणेल, आता नव्या शैक्षणिक धोरणात क्रीडेला श्रेयांक आहेत, मग खेळाडू आपोआप येतील. मीही तसेच समजले होते. आमच्या यादीत बावीस नावे लागली. मैदानावर आलो आम्ही सात जणी. श्रेयांकाने नाव येते, पाय येत नाहीत. दुसरे कुणी म्हणेल, पैसा हवा, झगमगाट हवा. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीला अमेरिकेच्या एनबीएचे दोन सामने झाले. सॅक्रामेंटो आणि इंडियाना येथले गगनचुंबी खेळाडू मुंबईने डोळे भरून पाहिले. चांगलेच झाले, पण त्यामुळे आपल्या मैदानावरची एकही स्कूटर हलली नाही.

आणि तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, कारण तो माझ्या वडिलांचा आहे. “पोरी, खेळून पोट भरतंय व्हय?” या प्रश्नाला भाषणबाज उत्तर देणे मला जमत नाही. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि पोलीस यांचे संघ आहेत, हे खरे. परंतु ते राज्य-राष्ट्रीय पातळीवर चमकणाऱ्यांसाठी. मी एकोणिसाव्या वर्षी चेंडू हातात धरला. मला त्यातून नोकरी मिळणार नाही, हे मी वडिलांना स्पष्ट सांगितले. खोटी आशा दाखवून घेतलेली परवानगी फार दिवस टिकत नाही.

मग मी खेळते कशासाठी? त्याचे उत्तर एका शनिवारी मिळाले. जिमखान्याच्या शिपाईकाकांनी त्या जुन्या छायाचित्रातल्या एका ताईंना ओळखले. त्या आता वाशीला एका बँकेत नोकरी करतात. मी भीत भीत निरोप पाठवला आणि त्या खरोखरच आल्या. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून त्यांनी दुचाकींच्या रांगेपलीकडच्या अर्ध्या मैदानात आम्हाला उभे केले. मी मोकळ्या जागी उभी होते. चेंडू माझ्याकडे येत नव्हता. ताई माझ्या शेजारी आल्या आणि म्हणाल्या, “अगं, तोंड उघड की! मागितल्याशिवाय चेंडू मिळत नसतो.”

मी ओरडले. महाविद्यालयाच्या आवारात मोठ्याने काढलेला माझा तो पहिला आवाज. चेंडू आला, हातातून सुटला, एका मोटारीच्या काचेवर आपटला (काच फुटली नाही, मालकांनी निश्चिंत असावे). पण त्यानंतर माझ्या घशातले काहीतरी मोकळे झाले ते झालेच. दुसऱ्या आठवड्यात मराठीच्या तासाला मी प्रश्न विचारला. उच्चार आमच्या जावळीचाच होता. कुणी हसले नाही. हसले असते तरी बिघडले नसते. जे विद्यार्थी घरातून पहिलेच इथवर आले आहेत, त्यांना पुस्तके, शिष्यवृत्ती, सवलती दिल्या जातात, आणि त्या हव्यातच. पण मागायचे कसे, मोकळ्या जागी उभे राहून ‘मी इथे आहे’ असे सांगायचे कसे, हे त्यांना कोण शिकवणार? वर्गात ते सहज जमत नाही. मैदानावर ते पहिल्या दहा मिनिटांत शिकावे लागते.

आपल्या या शहराला मुलींच्या खेळाचे महत्त्व आता कुणी सांगायला नको. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या सेक्टरमध्येही फटाके वाजले. माझे वडील, जे खेळून पोट भरते का म्हणून विचारतात, तेही दूरदर्शन संचासमोरून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी चेंडू घेऊन निघाले तर आईने एवढेच म्हटले, “दिवेलागणीच्या आत ये.” पूर्वी ती “जाऊ नको” म्हणत असे. ही प्रगती लहान नाही. पण लाखोंनी टाळ्या वाजवलेल्या त्या मैदानापासून काही किलोमीटरवर सात मुलींना खेळायला निम्मे मैदान मिळते, तेही सावधपणे, हेही विसरता येत नाही.

केवळ तक्रार करून थांबणे मला योग्य वाटत नाही. म्हणून तीन सूचना करते. त्यांना फारसा खर्च येत नाही.

पहिली : रोज दुपारी चार ते सहा मैदान मोकळे असावे. सर्व दिवस शक्य नसेल तर आठवड्यातून तीन दिवस. गाड्या पुढच्या अंगणात लावाव्या लागतील, पन्नास पावले अधिक चालावे लागेल. सहाला सराव संपला तर आम्ही मुली दिवेलागणीला घरी पोहोचतो. सात वाजताचा सराव म्हणजे आम्हाला ‘येऊ नका’ असे सांगण्याचाच सभ्य प्रकार होय.

दुसरी : जुन्या छायाचित्रांतल्या ताई आणि दादा यांना शोधावे. माजी विद्यार्थी मेळाव्यात आपण त्यांच्याकडून देणगी मागतो. त्याऐवजी महिन्यातला एक शनिवार मागावा. क्रीडाशिक्षकांची जागा भरली जाईल तेव्हा जावो, तोवर जुन्याच्या शेजारी नवा उभा राहील एवढे तरी होऊ द्यावे.

तिसरी सूचना या अंकाच्या संपादक मंडळाला आहे. संघाचा अहवाल दरवर्षी छापावा, आणि संघ हरला तर तो अधिक सविस्तर छापावा. विजयाच्या बातम्या लोकांच्या ध्यानात राहतात. पराभवाच्या हकिगतीवाचून पुढच्यांना काही शिकता येत नाही. शिवाय अहवालाची ओळ लहान होत गेली की संघही लहान होत जातो, हे मी ग्रंथालयात बसून पाहिले आहे.

ती सुरुवात मीच करते. यंदाचा अहवाल पुढीलप्रमाणे : मुलींचा बास्केटबॉल संघ, खेळाडू सात. विभागीय स्पर्धेत सामने एक, पराभव एक, गुण ९ विरुद्ध ४१. पहिल्या सत्रात आम्हाला एकही गुण मिळाला नाही, कारण आम्ही सर्व जणी चेंडूमागे एकाच बाजूला धावत होतो. तिसऱ्या सत्रात आम्ही एकमेकींना हाका मारू लागलो आणि तेव्हा पाच गुण झाले. उरलेले चार अखेरच्या सत्रातले. नवांपैकी दोन माझे. परत येताना एनएमएमटीच्या बसमध्ये आम्ही इतक्या मोठ्याने बोलत होतो की कंडक्टरने दोनदा दटावले.

सातांपैकी तिघी पुढच्या वर्षी पदवी घेऊन जातील. चौघी उरतो. पाच जणींशिवाय संघ होत नाही. तेव्हा प्रथम वर्षाच्या मैत्रिणींनो, एका जागेसाठी तरी या; उंची लागत नाही, माझीही नाही. येताना स्कूटर तेवढी पुढच्या अंगणात लावा.